रेघेवरची सावली

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाइप आहे. दहा फूट लांब, मनगटाएवढा जाड आणि अंगभर गंजाचे तांबडे डाग. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, देवळाईच्या डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा आहे. तिच्या मैदानात मी पंधरा वर्षे उभा आहे. माझे चार फूट जमिनीत आहेत, सहा फूट वर. मुले मला सावलीचा खांब म्हणतात. दुपारी सावली पाडायची, एवढेच माझे काम. ते मी आजवर कधी चुकवले नाही. तरीही माझ्या सावलीवर विसंबल्यामुळे एका माणसाचे घर उघड्यावर आले. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म वाळूजच्या एका कारखान्यात झाला. लोखंडाच्या तापलेल्या पट्टीला गोल वळवले, शिवण जोडली आणि जस्ताच्या आंघोळीतून बाहेर काढले, तेव्हा मी चांदीसारखा चमकत होतो. माझ्यासारखे पंधरा भाऊ एकाखाली एक जोडून आम्हाला एका वस्तीवरच्या हापशात सोडले. वर बाया दांडा मारायच्या आणि आमच्या पोटातून गार पाणी चढायचे. अकरा वर्षे मी अंधारात राहून लोकांची तहान भागवली. मग पाणी खोल जाऊ लागले. आधी ते वैशाखात आटायचे, मग चैत्रात, मग होळीच्या आधीच. एके दिवशी बाया दांडा मारमारून दमल्या आणि माझ्या तोंडातून नुसती हवा घुरघुरली. त्या रिकाम्या घागरी घेऊन निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

आम्हाला उपसून उस्मानपुऱ्यातल्या एका भंगारच्या दुकानात टाकले. तिथे अंबिका मॅडम आल्या. त्या शाळेत भूगोल शिकवत, पुंडलिकनगरात राहत आणि स्कूटीवरून ये-जा करत.

"भैया, पाइप टेढा नको, एकदम सीधा होना," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने मला उचलून एका डोळ्याने पाहिले. "ये लेव मॅडम. इत्ता सीधा तो आदमी भी नई मिलता."

असा मी शाळेत आलो. शिपाई कडुबा याने खड्डा खणला. मॅडमनी ओळंबा लावून मला चारी बाजूंनी सरळ केले आणि माझ्याभोवती सिमेंटचा गुळगुळीत ओटा करून घेतला. दर महिन्याच्या एकवीस तारखेला, सूर्य आभाळात सगळ्यात उंच आला की मुले माझ्या सावलीच्या टोकाला पांढऱ्या रंगाने रेघ मारत आणि महिना लिहीत. आपल्या गावात खरी दुपार घड्याळाच्या बारा वाजता होत नाही, ती साधारण साडेबाराच्या आसपास होते. हे तिथल्या मुलांना माझ्यामुळे कळले.

पहिल्याच वर्षी श्रेया नावाच्या मुलीने विचारले, "मॅडम, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून गरम होतं ना?"

मॅडम हसल्या नाहीत. "पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ कधी असते, सांगू? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा तू स्वेटर घालून येतेस."

मग मॅडमनी समजावले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती ताठ उभी राहून नाही. तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, आणि वर्षभर तो एकाच दिशेला कललेला राहतो. त्यामुळे प्रदक्षिणेच्या एका बाजूला आपला उत्तरेकडचा अर्धा भाग सूर्याकडे झुकतो, दुसऱ्या बाजूला तो सूर्यापासून मागे झुकतो. झुकला की दिवस मोठा आणि ऊन सरळ, मागे गेला की दिवस लहान आणि ऊन तिरपे. आपल्याकडे थंडी असते तेव्हा विषुववृत्ताच्या फार खाली, दक्षिणेकडच्या देशांत उन्हाळा असतो तो यामुळेच.

"पण तिरपं ऊन कमी का तापतं?" श्रेयाला ते पटेना.

"तुझी आई भाकरी थापते ना? पिठाचा तोच गोळा लहान थापला तर भाकरी जाड होते. मोठा थापला तर?"

"पातळ."

"ऊन तसंच. सरळ पडलं की थोड्या जागेत जाड पडतं. तिरपं पडलं की जास्त जागेवर पातळ पसरतं."

मला ते ऐकून फार बरे वाटले. मी सावली पाडतो ती का लांबते आणि का आखडते, हे मलाही तेव्हाच कळले. डिसेंबरात माझी दुपारची सावली उत्तरेकडे जवळजवळ माझ्या जमिनीवरच्या उंचीएवढी लांब पडायची. मार्चच्या रेघेवर ती सव्वादोन फुटांची व्हायची. मेच्या वीस तारखेच्या सुमारास सूर्य थेट माझ्या डोक्यावर यायचा आणि सावली पार नाहीशी व्हायची. त्यानंतर दोन महिने ती चार बोटांची होऊन चक्क दक्षिणेला पडायची. त्याच दिवसांत जमीन तापून हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचे ओले वारे धावत येतात. तोच आपला पावसाळा. असे सगळे ऋतू माझ्या ओट्यावर पांढऱ्या रेघांनी लिहिलेले होते. वर्षामागून वर्षे गेली, सावली त्याच दिवशी त्याच रेघेवर येत राहिली. पाहुणे यायचे, माझ्याजवळ उभे राहून फोटो काढायचे. मला थोडा गर्व झाला होता, हे कबूल करतो.

शाळेच्या तारेच्या कुंपणापलीकडे मोकळे प्लॉट होते. दरवर्षी थंडीत केरबा नावाचे एक मेंढपाळ तिथे जाळी लावून मेंढरे बसवायचे. सव्वाशे मेंढरे, दोन कुत्री, एक घोडे आणि केरबांची बायको राजाबाई. केरबा पाणी मागायला शाळेत यायचे आणि ओट्यावर टेकायचे. त्यांना रेघांचे फार कौतुक होते.

"मॅडम, आमच्या बापानं आमाला नक्षत्रं शिकवली," ते एकदा म्हणाले. "रोहिणी, मिरग, आर्द्रा. तुमचा खांब अन् आमची नक्षत्रं येकच सांगत्यात की."

"एकच सूर्य आहे ना, केरबामामा," मॅडम म्हणाल्या. "तो काही कुणाला वेगळं सांगत नाही."

तेव्हापासून मेंढरांची लोकर कधी कातरायची, हे केरबा माझ्या सावलीवर ठरवू लागले. थंडीत मेंढरांना लोकर लागते आणि उन्हाळ्यात तिचे ओझे होते. पूर्वी ते होळी पाहायचे. होळी जळाली, थंडी पळाली, असे जुने लोक म्हणतातच. पण होळी कधी लवकर येते, कधी उशिरा. माझी मार्चची रेघ हलत नाही. सावली त्या रेघेला टेकायला आली की कातरणारे दोघे जण बोलावायचे आणि दोन दिवसांत सगळी मेंढरे उघडी करायची. सात वर्षे हे बिनचूक चालले.

आठव्या वर्षी मात्र काही तरी बिनसले होते.

माघातच उकडायला लागले. फाल्गुनात दुपारचा वारा एरवी कोरडा असतो, मावळतीकडून येतो. त्या वर्षी तो उगवतीकडून येऊ लागला आणि माझ्या अंगावर ओल धरू लागली. मी इतकी वर्षे पाण्यात काढली आहेत. ओल मला ओळखता येते. संध्याकाळी डोंगरामागे ढगांचे काळे बुरूज उभे राहायचे आणि सकाळपर्यंत विरून जायचे. मेंढरे चरायची सोडून एकमेकांना चिकटून उभी राहायची. कुत्री खालच्या आवाजात गुरगुरायची, पण समोर कुणीच नसायचे.

मार्चच्या एकोणीस तारखेला केरबा आणि राजाबाई ओट्यापाशी आले. सावली रेघेपासून बोटभर लांब होती.

"आठ दिस थांबा की," राजाबाई म्हणाल्या. "मला ह्यो वारा नीट दिसंना. फाल्गुनात उगवतीचा वारा कुठला? मेंढरं बी कशी करायलीत बघा."

"तुजं आपलं कायतरीच. सावली बघ, रेघंला टेकली. उकडून मरायलीत ती." केरबा मॅडमकडे वळले. "मॅडम, तुमीच सांगा. थंडी गेली ना?"

मॅडम वर्गात निघाल्या होत्या. त्यांच्या हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "गेली, मामा. ही सावली कधी चुकत नाही."

राजाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि पुन्हा उगवतीकडे पाहिले. मित्रांनो, मला वाचा असती तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. मी फक्त सूर्य कुठे आहे ते सांगतो, आभाळात काय शिजते आहे ते मला सांगता येत नाही. पण मला वाचा नव्हती.

वीस आणि एकवीस तारखेला कातरणी झाली. बावीसला दुपारी तीनच्या सुमारास एकाएकी वारा पडला. पक्षी गप्प झाले. उगवतीकडून आणि मावळतीकडून दोन्ही बाजूंनी ढग आले आणि डोंगराच्या माथ्यावर एकमेकांत घुसले. उजेड पिवळट झाला, मग हिरवट. शाळेत दिवे लावावे लागले. मग थंडगार वाऱ्याचा एक झोत असा आला की मैदानातली धूळ भिंतीसारखी उभी राहिली, आणि पहिली गार माझ्या डोक्यावर टण्‌कन आदळली.

आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. माझे सगळे अंग घंटेसारखे वाजत होते. पत्र्यांच्या आवाजात वर्गातला मुलांचा गलका बुडून गेला. कुंपणापलीकडे सव्वाशे उघडी मेंढरे जाळीत सापडली होती. लोकर असती तर मार थोडा तरी झेलला असता, ओल आत पोचायला वेळ लागला असता. आता गारा थेट कातड्यावर पडत होत्या. मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली शिरायला धडपडत होती आणि खालची चेंगरत होती. केरबा वेड्यासारखे जाळीची दोरी कापत होते. राजाबाई घोंगडी पसरून तिच्याखाली कोकरे ओढत होत्या.

मॅडम व्हरांड्यात आल्या. त्यांनी जाळीकडे पाहिले आणि मागे वळून ओरडल्या.

"कडुबा, मोठ्या हॉलचं दार उघड!"

"मॅडम, हॉलमध्ये परीक्षेचे बाकं लावलेत. बडे सर काय म्हणतील?"

"मी सांगेन त्यांना. आधी उघड!"

मॅडमनी वर्गातला लाकडी फळा काढला. त्याची एक बाजू त्यांनी धरली, दुसरी कडुबाने, आणि दोघे डोक्यावर फळा घेऊन मैदानात धावले. गारांनी फळा ढोलासारखा बडवला जात होता. कडुबाने कुंपणाची तार पायाने दाबून वाट केली. केरबांनी पुढच्या मेंढराचा कान धरून त्याला ओढले आणि त्याच्यामागे बाकीची निघाली. ती माझ्या अगदी जवळून गेली. त्यांच्या उघड्या पाठींवर लाल-निळे वळ होते आणि त्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता. मेंढरे ओरडत नाहीत तेव्हा समजावे की फार वाईट झाले आहे.

"राजे, सोड ती! चल आत!" केरबा ओरडले.

राजाबाई सोडत नव्हत्या. घोंगडीखाली चार कोकरे होती. मॅडम फळा घेऊन त्यांच्यापर्यंत पोचल्या, तेवढ्यात एक मोठी गार राजाबाईंच्या कानशिलावर बसली. त्या गुडघ्यांवर आल्या आणि हळूच आडव्या झाल्या. मॅडम आणि कडुबाने त्यांना फळ्यावरच घालून आत नेले.

वीस मिनिटांत सारे थांबले. मैदान पांढरे झाले होते. माझ्या ओट्यावरची एकही रेघ दिसत नव्हती. राजाबाई वाचल्या, पण त्यांचा उजवा कान कायमचा गेला. एक्केचाळीस मेंढरे त्या दुपारी मेली, आणखी नऊ त्या आठवड्यात गारठ्याने गेली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. साडेबाराच्या पुढे केरबा आले. त्यांनी हाताने ओटा पुसला. माझी सावली ठरल्याप्रमाणे मार्चच्या रेघेच्या बोटभर आत होती. ते तिच्याशेजारी टेकले. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, मी नको ते बोलले," त्या म्हणाल्या. "राजामावशी सांगत होत्या. मी त्यांचं ऐकायला हवं होतं."

"सावली तर खरंच बोलली, मॅडम," केरबा म्हणाले. "मग खोटं कोण बोललं?"

याचे उत्तर मॅडमनी दुसऱ्या दिवशी वर्गाला मैदानात आणून दिले. एका गारपिटीचे खापर एकाच कारणावर फोडता येत नाही, असे त्या आधीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पृथ्वीचा कल होता तेवढाच आहे. तिची वाट तीच आहे. म्हणून सावली चुकली नाही. पण ऋतू नुसत्या कलानं होत नाहीत. कल ऊन वाटून देतो. त्या उन्हाचं पुढं काय करायचं, हे हवा आणि समुद्र ठरवतात. आपण धूर सोडून सोडून त्या हवेवर गोधडी घातली आहे. आत ऊब साठते आहे. तापलेली हवा जास्त वाफ धरते, आणि धरलेली वाफ कधी, कुठे, कशी सोडेल, हे पूर्वीसारखं सांगता येत नाही." त्यांनी एक जाड वही काढली. त्या दिवसापासून मुले एका रकान्यात सावली लिहू लागली. दुसऱ्यात तापमान, वारा आणि पाऊस.

पुढच्या वर्षी केरबा पंच्याहत्तर मेंढरे घेऊन पुन्हा आले. सावली मार्चच्या रेघेवर आली, पण त्यांनी कातरणाऱ्यांना बोलावले नाही. ते आणि राजाबाई मॅडमपुढे येऊन उभे राहिले. मॅडमनी वही उघडली, मोबाइलवर हवामानाचा अंदाज पाहिला. आभाळ स्वच्छ होते. अंदाजही स्वच्छ होता. पण मॅडमच्या तोंडून 'कातरा' हा शब्द निघेना. त्यांनी वही मिटली.

"मावशी, तुम्हीच सांगा," त्या राजाबाईंच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्हाला कळलं होतं."

राजाबाईंनी वाऱ्याकडे तोंड केले, हवा हुंगली, मेंढरांकडे पाहिले. मग मान हलवली.

"मला बी आता कळंना, बाई. पैलं कळायचं. आता वारा रोज येगळाच येतो."

मॅडम शेवटी म्हणाल्या, "आठ दिवस थांबा."

गारा पडल्या नाहीत. ढगही आला नाही. त्या आठ दिवसांत पारा एक्केचाळीस अंशांवर गेला. मार्चमध्ये एवढी आग मी कधीच सोसली नव्हती. लोकरीने लगडलेली मेंढरे धापा टाकत, कुंपणाच्या वाकलेल्या तारेवरून माझ्या हातभर सावलीत तोंड घालायला येऊ लागली. पाचव्या दिवशी दोन गाभण मेंढ्या उभ्या उभ्या कोसळल्या. सातव्या दिवशी आणखी तीन.

मॅडम ओट्यावर बसून रडल्या. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिले.

"रडू नका, मॅडम," केरबा म्हणाले. "तुमची चूक नाय. कातरलं तर गारठ्यानं मरत्यात, नाय कातरलं तर उन्हानं मरत्यात. आता इचारायचं तरी कुणाला?"

त्या पावसाळ्याआधी त्यांनी मेंढरे विकली. टेम्पो आला तेव्हा मेंढरे चढेनात. केरबांनी एकेका मेंढीला उचलून वर ठेवले. शेवटची चढवल्यावर ते बाजूला जाऊन डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. आता ते वाळूजला एका कंपनीच्या गेटवर पहारा करतात, पाळीच्या बसने जातात-येतात. जायच्या दिवशी राजाबाई मॅडमना भेटायला आल्या होत्या.

"तुमी लिवत राव्हा, बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या कामी नाय आलं. कुणाच्या तरी येईल."

ती गोष्ट होऊन चार वर्षे झाली. मोकळ्या प्लॉटवर रो हाउस उभी राहिली. त्यांच्या सगळ्या भिंतींवर गार हवेची यंत्रे लावलेली आहेत आणि ती दुपारभर गरम वारा माझ्या तोंडावर सोडतात. शाळेने निम्म्या मैदानावर फरश्या बसवल्या. आता फोटो काढायला कुणी येत नाही. कुणी कुणी तर मला सायकल बांधायचा खांब समजतात. मॅडमचे केस पांढरे झाले आहेत. पण त्यांच्या वर्गातली मुले अजून रोज दुपारी बाहेर येतात आणि दोन्ही रकाने भरतात. पहिल्या रकान्यातली सावली पंधरा वर्षांपूर्वीच्या रेघांपासून दोऱ्याइतकीही सरकलेली नाही. दुसरा रकाना वाचताना मुलांचे आवाज बारीक होतात. एका वर्षी जून कोरडा गेला. एका वर्षी दिवाळीत घरांत पाणी शिरले. थंडीचे दिवस दर पानावर कमी होत चालले आहेत.

मित्रांनो, तुम्ही परीक्षेत ऋतू का होतात याचे उत्तर लिहाल, आणि ते बरोबर असेल. पृथ्वीचा कल माणसाच्या हातात नाही आणि तो बिघडलेलाही नाही. बिघडते आहे ते माणसाच्या हातातले. म्हणून माझी एक विनंती आहे. पाठ केलेल्या उत्तरावर थांबू नका. रोज थोडा वेळ बाहेर उभे राहा. वारा कुठून येतो, ढग कसे आहेत, पाखरे काय करत आहेत, हे पाहा आणि लिहून ठेवा. ज्यांचे पोट आभाळाखाली आहे, त्यांचे बोलणे मध्येच तोडू नका. धूर कमी करा, झाडे ठेवा, आणि हे मोठ्यांना इतक्यांदा सांगा की त्यांना ऐकावेच लागेल. तुमच्याकडे फार वेळ आहे, असे तुम्हाला कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आज फेब्रुवारीची नऊ तारीख आहे. वहीत आजच्या तारखेपुढची जागा कोरी आहे. दुपार व्हायला अजून तीन तास आहेत. तरी माझे लोखंड आत्ताच हात लावू नये इतके तापले आहे, आणि उगवतीकडून वारा सुटला आहे.